आत्याचा काढा, आईची भीती आणि उरलेलं पाच मिलिग्रॅम

पत्र सहा पानी आहे, त्यातलं कामापुरतं इथे देते. लिहिणारी २७ वर्षांची आहे. नागपुरात, मानेवाड्यात आईबाबांजवळ राहते आणि मिहानमधल्या एका कंपनीत नोकरीला जाते. खाली सही केली आहे ‘फुगलेली पुरी’.

“काकू, चेहऱ्यावरच्या फोडांसाठी स्किनच्या डॉक्टरांनी मला मिनोसायक्लिन लिहून दिलं होतं, तीन महिन्यांसाठी. चेहरा साफ झाला म्हणून तीच चिठ्ठी दाखवून मी पुढेही घेत राहिले. एकूण सोळा महिने. मग सकाळी बोटं वळेनात, संध्याकाळी ताप, खोल श्वास घेतला की छातीत कळ. आधी टायफॉइड म्हणाले, मग चिकनगुनिया. शेवटी संधिवाताच्या डॉक्टरांनी सगळ्या गोळ्या टेबलावर मांडायला लावल्या आणि म्हणाल्या, ही आजपासून बंद. औषधामुळे झालेला ल्युपस, म्हणजे प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते तो आजार. स्टेरॉइड २० मिलिग्रॅमने सुरू झालं, पाच महिन्यांनी आता ५ वर आलंय. सोबत हायड्रॉक्सिक्लोरोक्विन आहे. सांधे बरेच बरे आहेत. पण थकवा असा की स्कूटी स्टँडवर चढवताना रडू येतं. तोंड पुरीसारखं फुगलंय. एएनए ही ल्युपससाठीची रक्ततपासणी अजून पॉझिटिव्हच. आई म्हणते, स्टेरॉइड फेक, हाडं झिजतील. आत्या रोज गुळवेलीचा काढा पाठवते, इम्युनिटीसाठी. तिनेच एक स्थळ आणलंय, जुलैत ते लोक येणार आहेत. त्यांना सांगायचं की लपवायचं? आणि सारखं वाटतं, नखरे केले म्हणून हे भोगतेय. मी पहिल्यासारखी कधी होणार?”

पोरी, आधी त्या स्टेरॉइडचं बोलू. बाकी सगळं आठवडाभर थांबेल, हे थांबणार नाही. गोळी एकदम बंद करायची नाही. आईचा जीव तुटतो ते खरं, पण एवढ्या एका बाबतीत तिचं ऐकू नकोस. मी काही डॉक्टर नाही, हे सदर नेहमी वाचणाऱ्यांना ते ठाऊक आहे. ३१ वर्षं औषधांच्या काउंटरमागे उभी होते, आणि तिथून जे दिसलं त्याच्या जोरावर बोलते.

आपल्या दोन्ही किडन्यांच्या डोक्यावर टोपीसारख्या दोन लहानशा ग्रंथी बसलेल्या असतात. त्या रोज पहाटे कॉर्टिसॉल रक्तात सोडतात. अंथरुणातून उठायची ताकद, रक्तदाब, साखर, आजारपण सोसायची तयारी, यात सगळ्यात त्याचा हात असतो. बाहेरून स्टेरॉइडची गोळी यायला लागली की या ग्रंथी म्हणतात, माल तर आयता येतोय, आणि शटर खाली ओढून घेतात. तीन-चार आठवड्यांहून जास्त असं चाललं की शटर गंजायला लागतं. तुझे पाच महिने झालेत. आता बाहेरचा माल एका दिवसात थांबवला आणि आतलं दुकान अजून उघडलेलंच नाही, तर उलट्या होतात, चक्कर येते, रक्तदाब उतरतो. वेळेवर शिरेतून स्टेरॉइड मिळालं नाही तर जिवावर बेतू शकतं. आईला एवढं वाचून दाखव. बायका हाडांच्या भीतीने गोळी बंद करतात आणि चौथ्या दिवशी इमर्जन्सीत येतात, हे मी पाहिलंय.

शरीर स्वतः रोज जेवढं कॉर्टिसॉल बनवतं त्याचा हिशेब प्रेडनिसोलोनच्या, म्हणजे या स्टेरॉइडच्या गोळीच्या, साधारण ५ मिलिग्रॅमच्या आसपास येतो. म्हणजे २० वरून ५ वर आलीस तो उताराचा सोपा भाग होता, तिथे गोळीच सगळं काम ओढत होती. ५ च्या खाली तुझ्या ग्रंथींना उठून कामाला लागायचंय. म्हणून इथून पुढे बरेच डॉक्टर एकेक मिलिग्रॅमने उतरवतात आणि प्रत्येक पायरीवर काही आठवडे थांबतात. स्कूटीच्या स्टँडपाशी येणारं ते रडू बहुधा या टप्प्याचं आहे. पायरी उतरल्यावर काही दिवस अंग ठणकतं, मळमळतं, उगाच कोणावर तरी ओरडावंसं वाटतं. लोक घाबरतात, आजार उलटला म्हणतात. फरक कळायला एक सोपी युक्ती सांगते. एक वही कर आणि रोज सकाळी एकच आकडा लिही. उठल्यापासून गॅसचं बटण न दुखता फिरवता यायला किती मिनिटं लागली? दहा-पंधरा मिनिटं असतील आणि आठवडाभरात कमी होत असतील, तर बहुतेक वेळा ती पायरीची कुरकुर असते. आकडा तासाच्या वर जायला लागला, बोटांचे सांधे दिसण्याइतके सुजले, ताप किंवा छातीतली ती कळ परत आली, तर पुढच्या तारखेची वाट बघायची नाही, फोन करायचा. अशी वही घेऊन आलेल्या पेशंटशी डॉक्टरही वेगळं बोलतात. “बरं नाही वाटत” या वाक्याचं त्यांनी काय करायचं?

स्टेरॉइड या शब्दालाच आपल्याकडे वाईट नाव आहे. जिममधली पोरं दंड फुगवायला घेतात ते वेगळं, तुझं वेगळं. सप्टेंबर १९४८ मध्ये मेयो क्लिनिकमध्ये (आपलं नागपूरचं मेयो हॉस्पिटल नव्हे, अमेरिकेतलं) डॉ. फिलिप हेंच यांनी संधिवाताने खिळलेल्या एका बाईला पहिल्यांदा या जातीचं औषध टोचलं. ती काही दिवसांत चालू लागली आणि बाजारहाट करून आली. १९५० मध्ये हेंच यांना दोन सहकाऱ्यांबरोबर नोबेल मिळालं. पण तोवर जास्त डोसाने चेहरे फुगतात, मन बिघडतं, हेही दिसायला लागलं होतं. म्हणजे तुझ्या पुरीसारख्या तोंडाची तक्रार या औषधाइतकीच जुनी आहे. ती सूज डोस उतरल्यावर काही आठवडे-महिने घेत ओसरते. जाते नक्की.

हाडांची भीती मात्र अगदीच खोटी नाही, म्हणून आईला तिचं काम दे. दिवसाला १००० मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम पोटात जावं, दूध-दही-नाचणीतून जेवढं जाईल तेवढं, उरलेलं गोळीतून. ड जीवनसत्त्व तपासून डॉक्टर सांगतील तसं. संध्याकाळी ऊन उतरल्यावर वीस मिनिटं चाल. स्टेरॉइड सकाळी नाश्त्यानंतरच घे, रात्री घेतलीस तर छताकडे बघत बसशील. पोटाला जपायचं, म्हणजे रविवारचं सावजी सध्या राहू दे. आणि अंग दुखतं म्हणून दुकानातून दुखीची गोळी स्वतःच्या मनाने घेऊ नकोस. स्टेरॉइड आणि दुखीची गोळी एकत्र आली की जठराला अल्सर व्हायचा धोका चांगलाच वाढतो.

दुसऱ्या गोळीचं फार बोलायला नको. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन म्हणजे मूळची मलेरियाची गोळी. २०२० मध्ये कोरोनाला चालते म्हणून लोकांनी ती घरात भरून ठेवली, तेव्हा ल्युपसच्या बायका माझ्या काउंटरवर रडकुंडीला आल्या होत्या. ती वर्षानुवर्षं घेतली तर डोळ्यांच्या पडद्यावर परिणाम होऊ शकतो, म्हणून पहिल्या वर्षातच एकदा डोळे दाखवून ठेव. तुला बहुधा वर्षानुवर्षं लागणारही नाही.

आता आत्या.

आत्याचं म्हणणं मला इथे बसून ऐकू येतंय: “काढ्यानं काही होत नाही वं, झाडपाल्याचंच तर आहे.” आत्याला वाटतं तुझी प्रतिकारशक्ती कमी पडली. कमी पडली नव्हती गं, ती जास्तच कामाला लागली होती, आणि भलत्याच घरात शिरली होती. जंतूंना ओळखून मारायचं ते सैन्य तुझ्याच सांध्यांवर, छातीच्या अस्तरावर चालून आलं. त्या सैन्याला शांत करायला तू रोज सकाळी एक गोळी घेतेस आणि दुपारी त्याच सैन्याला चेव आणायला काढा पितेस. आत्याचं प्रेम आणि डॉक्टरांची चिठ्ठी तुझ्या पोटात एकमेकांशी भांडतायत.

गुळवेलीबद्दल आणखी एक. २०२१ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी कोरोनाच्या काळात गुळवेल घेतलेल्या सहा पेशंटांच्या यकृताला सूज आल्याचं प्रसिद्ध केलं. ती सूज स्वप्रतिकारक आजारासारखी, म्हणजे शरीर स्वतःवरच उलटल्यासारखी होती. आयुष मंत्रालयाने ते मान्य केलं नाही, वनस्पतीची ओळखच नीट पटवलेली नाही असा आक्षेप घेतला. तो वाद त्यांचा त्यांना करू दे. माझं मत विचारशील तर, निरोगी माणसाने काय प्यावं यावर मी भांडणार नाही. पण तुझ्या शरीराने नुकताच असा घोटाळा घातलाय, आणि मिनोसायक्लिन यकृतालाही सुजवू शकतं. तू प्रयोगाचा उंदीर व्हायचं काही कारण नाही. काढा बंद. च्यवनप्राश, इम्युनिटीची पावडर, ऑफिसमधल्या कोणी दिलेले ‘डिटॉक्स’चे थेंब, सगळं बंद. आणि इतके दिवस काढा घेत होतीस हे डॉक्टरांना सांग. लाजू नकोस, त्या फार तर यकृताची तपासणी लिहून देतील.

एएनएचं काय करायचं? काहीच नाही. ही तपासणी पुन्हा पुन्हा करून पैसे घालवू नकोस. शरीराने एकदा स्वतःविरुद्ध प्रतिपिंडं (अँटिबॉडीज) बनवली की औषध बंद झाल्यावर त्रास काही आठवड्यांत-महिन्यांत ओसरतो, पण ती प्रतिपिंडं रक्तात कित्येक महिने, कधी वर्षाहून जास्त, रेंगाळतात. मारबतीचा पुतळा जाळून लोक घरी गेले तरी दुसऱ्या दिवशी रस्त्यावर राख असतेच की. शिवाय धडधाकट माणसांतही शंभरात पाचेक जणांची एएनए १:१६० ला पॉझिटिव्ह येते, आणि त्यांना कशाचा पत्ताही नसतो. तुझी लघवी, किडनीचं काम दाखवणारं क्रिएटिनिन, रक्तातल्या पेशी आणि यकृत ठीक आहे की नाही, हे बघण्यात तुझ्या डॉक्टरांना जास्त रस असणार, आणि तेच बरोबर आहे. लघवीला फेस यायला लागला किंवा पावलं सुजली, तर लघवी आणि क्रिएटिनिन मात्र लगेच तपासायचं.

आता तू जे सहाव्या पानावर, समासात, बारीक अक्षरात लिहिलंस. नखरे.

चेहऱ्यावर पिकलेले फोड घेऊन ऑफिसात जाणं, कोणीतरी “हळद लाव” म्हणणं, फोटोत मागच्या रांगेत उभं राहणं, यावर इलाज करून घ्यायला कोणी नखरे म्हणत असेल तर त्याचा चेहरा कधी पिकलेला नसावा. मुरमं हा त्वचेचा आजार आहे आणि मिनोसायक्लिन त्याचं मान्य औषध आहे. तू चोरून काही केलं नाहीस. आणि ज्या गोळीने असा त्रास होतो ती काही तुझी एकटीचीच नाही. रक्तदाबाच्या हायड्रालाझिनने ल्युपस होतो हे डॉक्टरांच्या १९५३ च्या सुमारास लक्षात आलं, हृदयाच्या ठोक्यांसाठीच्या प्रोकेनामाइडचं १९६२ मध्ये. टीबीच्या आयसोनियाझिडनेही क्वचित होतो. (टीबीचं औषध चालू असलेल्यांनी हे वाचून गोळी बंद करू नये, हात जोडते. टीबी मारतो, आणि हा त्रास क्वचितच होतो.) त्या पेशंटांनी काय नखरे केले होते? काहींच्या शरीरात ही औषधं हळू मोडली जातात. तो स्वभाव आईबापांकडून आलेला असतो, त्यांच्यात धोका जास्त. मिनोसायक्लिनच्या बाबतीत नेमकं कोणाला होणार ते आधी सांगता येत नाही. बहुतेक करून तरुण मुलींना, आणि लांबलचक काळ घेतल्यावर.

लांबलचक काळ. इथेच खरी मेख आहे, आणि इथे मला माझ्याबद्दलही बोललं पाहिजे.

ॲलर्जी असती तर पहिल्या आठवड्यातच अंगावर गांधी उठल्या असत्या आणि गोळी बंद झाली असती. ही रिॲक्शन वर्ष-वर्ष शांत बसते. म्हणून “ती गोळी तर मी केव्हापासून घेतेय, तिने काय होणार” असं सगळ्यांनाच वाटतं. तुला वाटलं, टायफॉइड म्हणणाऱ्या डॉक्टरांनाही वाटलं असणार. तीन महिन्यांची चिठ्ठी सोळा महिने चालली. कोणी चालवली? तू मागितलीस, हो. पण काउंटरच्या पलीकडून दर महिन्याला एक हात पुढे येत होता, आणि ती स्ट्रिप त्या हातात होती. प्रतिजैविकाच्या पाकिटावर डावीकडे लाल उभी रेघ असते, डॉक्टरांच्या ताज्या चिठ्ठीशिवाय घेऊ नका असं सांगणारी. २०१६ मध्ये केंद्र सरकारने त्या रेघेची मोहीमही काढली होती. दुकानात बसणाऱ्याला ती रेघ माहीत नसते असं नाही.

मला माहीत होती. तरी माझ्याकडे एक बाई यायच्या, गुडघेदुखीच्या. त्यांची चिठ्ठी इतकी जुनी झाली होती की घडीवर फाटली. एके दिवशी मी काउंटरखालून चिकटपट्टी काढली आणि मागून नीट चिकटवून त्यांच्या हातात ठेवली. आपण केवढं चांगलं काम केलं असं वाटलं मला. त्या “देव भलं करो” म्हणाल्या. दीड महिन्याने त्यांचा मुलगा आला, आईला काळी शौच होऊन भरती केलंय, पोटात अल्सर फुटलाय, रक्त चढवतायत. चिठ्ठी दहा दिवसांची होती. मी ती किती महिने चालवली ते मोजायची माझी हिंमत झाली नाही. त्या वाचल्या. पण ती चिकटपट्टी माझ्या डोळ्यांपुढून अजून जात नाही. दुकान कोणाचं होतं ते सोड, पट्टी माझ्या हाताने लावली होती.

म्हणून तुला दोष वाटायचाच असेल तर तुझ्या वाटणीचा घे, सोळा महिन्यांतला एखादा महिना. बाकीचा आमचा आहे. “तीन महिन्यांनी दाखवायला या” एवढं न बोलणाऱ्या कोणाचा, चिठ्ठीवरची तारीख न बघणाऱ्या कोणाचा. राग आला तर येऊ दे. फक्त तो रात्री दोन वाजता आरशासमोर उभं राहून स्वतःवर काढू नकोस. स्टेरॉइडवर असताना रात्री दोन वाजता कोणाचंच डोकं ठिकाणावर नसतं.

आणि रागाचं काहीतरी करायचंच असेल तर हे कर. औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणारा एक राष्ट्रीय कार्यक्रम २०१० पासून चालू आहे, गाझियाबादच्या भारतीय औषधसंहिता आयोगातून चालतो. त्यात डॉक्टरांनीच कळवावं असं नाही, पेशंटही कळवू शकतो. १८००-१८०-३०२४ हा फुकटचा नंबर आहे, कामाच्या दिवशी, कामाच्या वेळेत. पेशंटसाठी वेगळा साधा अर्ज आहे. मेडिकल कॉलेजांच्या औषधशास्त्र विभागांत याची केंद्रं असतात, तिथेही घेतात. औषधाचं नाव, कधी सुरू केलं, कधी बंद केलं, काय झालं, एवढं पुरतं. त्याने तुझ्या हाती काही पडणार नाही, भरपाई वगैरे नाही. पण अशा नोंदी साचल्या की मगच एखाद्या गोळीच्या माहितीपत्रकात एक ओळ वाढते.

त्यासाठी ती रिकामी स्ट्रिप अजून घरात असेल तर फेकू नकोस. मागची बाजू उजेडात तिरकी धर. मोठ्या अक्षरातलं नाव कंपनीने ठेवलेलं असतं, ते बदलत राहतं. त्याच्या खाली मुंगीएवढ्या अक्षरात खरं नाव आहे, मिनोसायक्लिन. ते लिहून घे. एका कागदावर मोठ्या अक्षरात: ‘मिनोसायक्लिनमुळे ल्युपस. पुन्हा देऊ नये.’ खाली: ‘या वर्षी पाच महिन्यांहून जास्त स्टेरॉइड घेतलं आहे.’ त्याचा फोटो मोबाइलच्या लॉक स्क्रीनवर, आईच्या फोनमध्ये आणि बाबांच्या पाकिटात. ही गोळी पुन्हा पोटात गेली तर सोळा महिने लागणार नाहीत, काही दिवसांत, कधी तर काही तासांतच तेच सगळं परत येतं. आणि दुसरी ओळ दाताच्या डॉक्टरपासून ऑपरेशनवाल्यापर्यंत प्रत्येकाला दाखवायची, गोळी संपल्यावरही निदान वर्षभर. ग्रंथींचं शटर पूर्ण वर जायला तेवढा वेळ लागू शकतो.

इथे नागपूरकरांसाठी एक जास्तीची गोष्ट आहे, ती तुला दुसरं कोणी सांगेल की नाही कोण जाणे. २०१८ च्या पावसाळ्यात आपल्याकडे स्क्रब टायफस किती पसरला होता ते आठव. शेतातल्या, गवतातल्या किड्याच्या चाव्याचा तो ताप. त्याचं पहिलं औषध डॉक्सिसायक्लिन, म्हणजे मिनोसायक्लिनचंच भावंड. डॉक्सिसायक्लिनने ल्युपस झाल्याचं फारसं दिसत नाही, पण तुझ्या बाबतीत भावंडालाही विचारून घरात घ्यायचं. म्हणून ऑगस्टमध्ये ताप आला तर तो कागद आधी पुढे कर. डॉक्टरांकडे अझिथ्रोमायसिनचाही पर्याय असतो. आणि प्रसंग जिवाचा असेल, ते “हेच द्यावं लागेल” म्हणाले, तर अडून बसू नकोस, त्यांना कळू दे म्हणजे झालं. एरवीही स्टेरॉइडवर असताना तापाला अंगावर काढायचं नाही. शंभराच्या वर गेला की दाखवायचं, कारण स्टेरॉइड ताप दाबून धरतं आणि आतला जंतू मजेत वाढतो.

उन्हाचं थोडक्यात. नवतपा, म्हणजे मे अखेरचे ते कडक उन्हाचे नऊ दिवस, तोंडावर आहे, आणि ऊन ल्युपसला चेतवतं, औषधाच्या ल्युपसला त्यामानाने कमी, तरी. स्कूटीवर तुम्ही पोरी तोंडाला दुपट्टा बांधून फक्त डोळे उघडे ठेवता, ती आपल्या गावाची रीत तुझ्या फायद्याचीच आहे. फक्त तो जाळीदार, हवेशीर दुपट्टा नको, घट्ट विणीचा सुती घे. उजेडासमोर धरून पलीकडचा बल्ब स्पष्ट दिसत असेल तर ऊनही तितकंच आत येतं. ऑफिसात खिडकीजवळची जागा असेल तर बदलून माग. काचेने अतिनील किरणांचा एक प्रकार अडतो, पण दुसरा आरपार येतो. आणि सकाळी नऊच्या आत निघता आलं तर बघ. थकव्यावर उन्हाइतका वाईट शेजारी नाही.

राहिलं स्थळ. सांगायचं. पण कसं, त्याचा विचार कर. नुसतं ‘ल्युपस’ म्हणालीस तर समोरची माणसं घरी जाऊन मोबाइलवर शोधतील आणि किडनी, मेंदू, मूल होण्यात अडचण, असं सगळं वाचून घाबरतील. ते वर्णन जन्मभर चालणाऱ्या ल्युपसचं आहे. औषधाने होणाऱ्या प्रकारात किडनी आणि मेंदू सहसा वाचतात, आणि औषध बंद केल्यावर आजार बहुधा मागे फिरतो. तुझं तसंच होतंय. म्हणून सरळ असं बोल: “मागच्या वर्षी एका औषधाची रिॲक्शन आली, त्याने ल्युपससारखा त्रास झाला. औषध बंद केलं, बरी होत आलेय, स्टेरॉइड कमी होतंय. ते औषध आयुष्यात परत घ्यायचं नाही.” हवं तर तुझ्या डॉक्टरांकडून चार ओळी लिहून घे. मुलाबाळांचं म्हणशील तर हायड्रॉक्सिक्लोरोक्विन गरोदरपणातही चालू ठेवतात. फक्त दिवस राहायच्या आधी एकदा या डॉक्टरांशी बोलून, एक-दोन प्रतिपिंडांची तपासणी करून घ्यायची. हे सगळं ऐकून जो उठून गेला त्याला जाऊ दे. उद्या सर्दी झाल्यावरही तो असाच उठला असता.

लपवायचं म्हटलं तरी रोज सकाळी नाश्त्यानंतर गोळी कुठे लपवणार आहेस, न्हाणीघरात?

आणि जुलैच का? जुलैत चातुर्मास लागतो. तुळशीच्या लग्नापर्यंत मुहूर्तच नाहीत. बघायचा कार्यक्रम दिवाळीवर ढकलला तर कोणाचं काही बिघडत नाही. तोवर डोस आणखी उतरला असेल, तोंडाची सूज ओसरली असेल आणि स्कूटी बहुधा एका झटक्यात स्टँडवर चढत असेल. ‘पहिल्यासारखी’ची तारीख मी देणार नाही, पण माझा अंदाज हा असा आहे. सांधे आधी, चेहरा मग, थकवा सगळ्यात शेवटी, आणि एएनएचा कागद त्याच्याही नंतर.

हे पुढे ढकलायचं काम आत्यालाच सांग. स्थळ तिचं आहे, तिला बोलायला आवडतं, आणि काढा बंद झाल्यावर तिला तुझ्यासाठी करायला काहीतरी हवंच. तिला एकदा डॉक्टरांकडे सोबत ने. प्रश्न ती विचारेल, तुझ्यापेक्षा जास्त विचारेल. तिचं ते काढ्याचं भांडं घासून परत कर. रिकामं देऊ नकोस. आईने यंदा घातलेल्या चार कुरड्या ठेव त्यात.